वीणा बांधावर गेली

टाकळीमाथ्याच्या सप्त्यात वीणेचे तीन नेम. देवळाच्या पुढल्या खांबाला पत्र्याची पाटी ठोकली आहे, तिच्यावर ते लाल तेलरंगात लिहिले आहेत. सात दिवस वीणा भुईला टेकवू नये. सात दिवस नाम थांबू नये. आणि वीणा यादीबाहेरच्या हातात देऊ नये. यादीत ज्याचं नाव पुढं, त्याच्याच गळ्यात ती जाईल. पहिले दोन नेम जिथं जिथं अखंड हरिनाम होतं तिथले. तिसरा टाकळीमाथ्याचा घरचा, आणि तो घातला होता सूर्यभानतात्यांनी.

कारणही तसंच घडलं होतं. अकरा वर्षांमागं काल्याच्या कीर्तनाला मोठे महाराज यायचे होते. महाराज मंडपात पाऊल टाकतील तेव्हा वीणा आपल्याच गळ्यात दिसावी, म्हणून दोन चांगले जाणते बाप्ये पहाटेपासून अडून बसले. एकानं पट्टा ओढला, दुसऱ्यानं दांडी धरली. भोपळा फुटायचा वाचला तो देवाच्या कृपेनं. तात्या भर मंडपात म्हणाले, "देवाची वस्तू हाय का दहीहंडी?" आणि पुढल्या वर्षी यादी आली. दिवसाचे बारा पहारे, दोन-दोन तासांचे, बारा माळकरी. अदलाबदल नाही, उसनवारी नाही.

तात्यांनी स्वतःला दुपारचा बारा ते दोन घेतला. हा पहारा कुणाला नको असतो. पारायण उरकलेलं, माणसं पंगतीला गेलेली, कीर्तन रात्री. मंडपात वीणेकरी, समई आणि खांबाला टेकून पेंगणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्या. पण तात्यांना तोच गोड वाटे. रात्रीच्या कीर्तनातला दृष्टांत ते त्या वेळी मनात घोळवत, तोंडानं 'रामकृष्णहरी' चालू ठेवत, आणि बोट तारेवर पडत राही. दोन तास कसे जात ते कळत नसे.

यंदा दत्तजयंतीच्या सप्त्याच्या पाचव्या दिवशी मात्र त्यांना पाच मिनिटं युगासारखी गेली.

साडेबाराच्या सुमारास त्यांची बायको पुष्पावती पदर खोचून तरातरा मंडपात आली. तिनं देवाला हात जोडले ते चालताचालताच.

"अहो, मॅडम आल्यात! शेतावर येऊन बसल्यात!"

तात्यांच्या तोंडचं नाम थांबलं नाही, पण डोळे मोठे झाले. रस्त्याच्या पाहणीच्या नोटिशीत दुपारी चारची वेळ होती.

"चारला कचेरीत मीटिंग लागली म्हनं. आत्ता पाहनी करते, न्हाईतर मग फुडल्या महिन्यात. मी म्हनलं मालक पहाऱ्याला हाईत. तर म्हनल्या, उतारा त्यांच्या नावचा, अर्ज त्यांचा, जबाब त्यांचाच पाहिजे. अर्धा तास थांबते, मग अर्जदार गैरहजर लिहून निघते."



प्रकरण असं होतं. डांबरी रस्त्याला लागून गोरक्षनाथचं रान, त्याच्या मागं तात्यांचं. तात्यांच्या रानाला एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला कुणाचं तरी शेततळं. जायचं-यायचं ते गोरखच्या बांधाबांधानं. तात्यांच्या वडलांची बैलगाडी तिथून गेली, तात्यांचा ट्रॅक्टर तिथून गेला. कागदावर मात्र ही वाट कुठंच नव्हती. असायची गरजच कुणाला वाटली नव्हती. गोरख आणि तात्या एका वर्गात, एका भजनी मंडळात. एक टाळ वाजवी, एक पखवाज. मधे कागद कशाला?

मग दीड वर्षामागं गोरखनं वाट मोडली, बांधाच्या तोंडाशी लाकडं रोवून तीनपदरी काटेरी तार ओढली. त्याच्या आदल्या महिन्यात तात्यांच्या, उसाचं बेणं आणणाऱ्या ट्रॉलीनं चिखलात वळण चुकवून गोरखच्या ठिबकच्या नळ्या चेपल्या होत्या, तेवढं निमित्त. तात्यांनी रीतसर अर्ज केला. दोनदा पाहणीची तारीख लागली आणि दोनदा साहेब आले नाहीत. मग साहेबांची बदलीच झाली. गेल्या साली ऊस मोळ्या करून, ओढ्याकाठच्या पायवाटेनं डोक्यावर रस्त्यापर्यंत आणला. यंदा टोळीच्या मुकादमानं सरळ सांगितलं, ट्रॉली फडात जाणार नसेल तर कोयता लावणार नाही. दोन एकर ऊस उभा. त्याच्या पुढं आणखी एक गोष्ट होती, ती तात्या कुणाला बोलून दाखवत नसत: ज्या रानाला रस्ता नाही ते रान फक्त उताऱ्यावर असतं. पोरं पुण्यात. त्यांनी उद्या विचारलं, 'तात्या, आपल्या शेतात जायचं कुठून?' तर काय, ओढ्यातून पोहत?

म्हणून आजची पाहणी. आणि आजच ते वीणा गळ्यात घेऊन उभे.

"अंगद?" नामाच्या मधल्या श्वासात त्यांनी एवढाच शब्द सोडला. यादीत पुढचं नाव अंगदचं होतं, दोनचं.

"राहुरीला गेलाय, रोपं आनायला. दोनला येतो म्हनला. फोन लागना."

इतक्यात मंडपाच्या तोंडाशी चपला वाजल्या. गोरक्षनाथ होता. पांढरा सदरा, गळ्यात माळ, हातात नोटिशीचा कागद. तोही पाहणीलाच निघालेला. दीड वर्षात त्याचा आणि तात्यांचा शब्द नव्हता. त्यानं लांबूनच वीणेला हात जोडले आणि समईत तेल घालणाऱ्या बनुबाईकडं तोंड करून म्हणाला, "बनुआत्या, सांगून ठेव कुनाला तरी. यादीभाईर वीना जात नसती. नेम ज्यानं घातला त्यानं तरी पाळावा."

बनुबाई सत्तरीची, दातांचा पत्ता नाही, पण जिभेला धार. "तू सांग की. तुझ्या म्होरंच उबा हाय."

"मी कशाला बोलू? मी चाललो मॅडमकडं. उनात बाईमानूस थांबलीय." आणि तो गेलासुद्धा.

पुष्पावतीनं त्याच्या पाठीकडं बघून बोटं मोडली. "बगा. बगितलंत? आता काय करायचं?"

तात्या काय सांगणार? वीणा खाली ठेवता येत नव्हती. दुसऱ्याला देता येत नव्हती. पंगतीत दहा माळकरी जेवत असतील, एक हाक मारली तर धावत येतील. पण दहा वर्षं त्यांनीच लोकांना अडवलं होतं. एकाच्या जावयाचा अपघात झाला तेव्हासुद्धा त्यांनी आधी पुढच्या नावाला घरून उठवून आणलं आणि मगच त्या माणसाला सोडलं. आणि आज स्वतःचं काम आलं तर पाटी फिरवायची?

"तुमचा नेम तुमच्याच गळ्यात," पुष्पावती म्हणाली. रागानं म्हणाली, पण डोळ्यांत पाणी होतं.

बनुबाईनं वात सारली. पाटीकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिन्ही नेम पाठ होते.

"भुईला टेकवायची न्हाई. नाम थांबवायचं न्हाई. यादीभाईर द्यायची न्हाई," ती बोटांवर मोजत म्हणाली. "चालायचं न्हाई, असं कुठं म्हनलंय?"

पुष्पावती तिच्याकडं बघत राहिली.

"नगरप्रदक्षिनेला वीना जाती का न्हाई? शिवंवरच्या मारुतीला जाती का न्हाई? मग शेताला गेली तर काय बाटती व्हय? तुळस घे डोक्यावर. टाळ घ्या दोघीतिघी. मी हाय समईपाशी."

तात्यांचा पाय उचलेना. देवाची वीणा मोजणीच्या कामाला न्यायची? कीर्तनकार नेहमी सांगतात, देवाला आपल्या कामाला जुंपू नका, आपण त्याच्या कामाला लागा. हे काय होतं मग? त्यांनी समोर बघितलं. दत्ताच्या मूर्तीवर पंगतीतला धूर हलकेच तरंगत होता. देव काही बोलला नाही. तो बोलत नाहीच. बोलतात ती माणसं.

"अहो, वाटंनं चालायचंच हाय ना?" पुष्पावती म्हणाली. "नाम घेत चाला. वाटंत शेत आलं तर आलं."

ह्यावर मात्र तात्यांना हसू आलं. बायको चाळीस वर्षं कीर्तनं ऐकत होती, ते वाया गेलं नव्हतं. त्यांनी तारेवर बोट टाकलं आणि मंडपाबाहेर पाऊल ठेवलं.

पंगतीत एकच गलका झाला. वीणा भरदुपारी कुठं निघाली? कुणी भाताचा घास हातात धरून उभा राहिला. "अहो तात्या! अहो वीना!" तात्या बोलू शकत नव्हते. पुष्पावतीच्या डोक्यावर तुळस. सविता आणि मोनिका या शेजारच्या दोन सुना टाळ घेऊन मागं. काही न कळताही चार-पाच माणसं हात धुऊन मागं लागली; वीणा चालली की मागं चालायचं, एवढं टाकळीमाथ्यात सगळ्यांना ठाऊक. वेशीपर्यंत दहाबारा जणांची दिंडीच झाली. ऊन चांगलंच लागत होतं. रस्त्यानं उसाचा एक रिकामा ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि गाडी कडेला घेतली.

गोरखच्या रानाच्या तोंडाशी भार्गवी मॅडम मोटारसायकलच्या सीटवर फाईल ठेवून उभ्या होत्या. मंडळ अधिकारी; वय तिशीच्या आतबाहेर, नगरच्या, घरात दोन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकीच्या, त्यामुळं अक्षर सुरेख आणि बोलणं मोजकं. शेजारी, तारेच्या आतल्या अंगाला, गोरख घड्याळ बघत होता.

"पंचवीस मिनिटं झाली, मॅडम," तो म्हणत होता. "पहाऱ्याला उबा हाय म्हनल्यावर येनार कसा? आमच्याकडं नेमच हाय तसा. तुमी गैरहजर लिवा—"

आणि त्याला टाळ ऐकू आले.

वळणावरून आधी तुळस दिसली, मग वीणेची दांडी. गोरखचं वाक्य तिथंच राहिलं. दिंडी सरळ चालत आली आणि तारेपाशी थांबली. थांबली म्हणजे पाय थांबले, नाम चालूच. तात्या तारेच्या ह्या बाजूला, गोरख त्या बाजूला, मधे तीन पदर.

आता वीणा समोर आल्यावर माळकऱ्यानं काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गोरखनं चपला काढल्या. तारेच्या दोन पदरांमधून हात घालून त्यानं वीणेला शिवून हात कपाळाला लावले. आणि वीणेकऱ्यालाही वाकायचं असतं, समोरचा कोणीही असो. तात्या वाकले. दोघांची डोकी तारेच्या काट्यांपासून चार बोटांवर आली. दीड वर्षात एवढ्या जवळून त्यांनी एकमेकांना बघितलं नव्हतं. गोरखच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, हे तात्यांना तेव्हा कळलं.

मग सगळे उभे. नाम चालू, टाळ चालू. वीणा पुढंही जाईना, मागंही फिरेना.

"गोरखभावजी," पुष्पावती म्हणाली, "आल्या वाटंनं दिंडी माघारी जात न्हाई. तुमाला म्हाईतच हाय."

गोरखनं मॅडमकडं बघितलं, दिंडीकडं बघितलं. सविता टाळ वाजवतावाजवता त्याच्याकडं बघत होती. ती त्याच्या सख्ख्या चुलतभावाची सून. कपाळावरचा घाम पुसून त्यानं लाकडाची खुंटी हलवली, उपसली आणि तारेचा गुंडा बाजूला ओढला.

"वीनेसाठी काडतोय," तो मोठ्यानं म्हणाला. "ट्रॉलीसाठी न्हाई. मॅडम, तसं लिवा."

"लिहिते," मॅडम म्हणाल्या. "मी जे दिसतं ते लिहिते आणि जे सांगाल ते तुमच्या नावानं लिहिते."

दिंडी आत शिरली. बांधाच्या कडेनं, कांद्याच्या वाफ्यांना धक्का न लावता. मॅडम फाईल घेऊन मागं. त्या माणसांकडं बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. मध्यावर पाण्याची चारी आडवी येत होती, तिथं सिमेंटचा नळा होता, वर मुरूम दाबलेला.

"हा नळा कुणी घातला?"

तात्यांच्या तोंडात नाम. त्यांना उत्तर माहीत होतं, अगदी कुठल्या साली ते माहीत होतं. पण त्यांचं तोंड देवाकडं गहाण होतं.

मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही अर्जदार ना? सांगा."

तात्यांनी मान हलवली आणि वीणेकडं बोट केलं.

"त्यांना बोलता येत न्हाई, दोन वाजेपतूर," पुष्पावती म्हणाली.

"मग मी जबाब कुणाचा घेऊ?" मॅडमनी घड्याळ बघितलं, हसू दाबलं. "बरं. सामनेवाले हजर आहेत, त्यांचा आधी घेते. गोरक्षनाथ, बोला. अर्जदाराचं म्हणणं काय आहे?"

"त्याचं म्हननं मी सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत तर होतंच. दीड वर्षात तेच ते म्हणणं त्यानं पारावर, सोसायटीत, लग्नाच्या मांडवात ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी आवाज चढवून तोडलं होतं. पण तेव्हा समोर तोंड वाजवणारा सूर्यभान असे. आता समोर नुसती वीणेची तार वाजत होती. भांडायला माणूसच नव्हतं.

"तो म्हनतो," गोरख सावकाश बोलू लागला, "आमच्या बापाच्या काळापून हितनं गाडी जाती."

"आणि जात होती का?"

नाम चालू होतं. सविता आणि मोनिकानं टाळ हळू केले होते. कान इकडं होते. गोरखनं एकदा वीणेच्या भोपळ्याकडं बघितलं, एकदा पायाखालच्या मुरुमाकडं.

"जात हुती," तो म्हणाला.

"नळा?"

"माझ्या बानं घातला. दोघांच्या बानं मिळून. आमी दोघं बारीक हुतो, मुरूम वतायला." तो थांबला. मग एकदम आवाज चढला, पण तो तात्यांवर नव्हता, कशावर होता ते त्यालाच ठाऊक. "पन मॅडम, तुमी हे बी लिवा. ह्याच्या ट्रॉलीनं माझ्या चार वळी नळ्या चेपल्या. मी नवंनवं ठिबक केलेलं. हा गावाला गेल्ता. माघारी आला तवा माझ्या दारावरनं दोनदा गेला, दोनदा! एक डाव सुदिक आत आला न्हाई, चुकलं म्हनून. ड्रायव्हरनं केलं म्हनून गावाला सांगितलं. ड्रायव्हर कुनाचा? माझा व्हय?"

मॅडमचं पेन थांबलं होतं. "ते ह्या कामात येत नाही."

"न्हाई येत, तर न्हाई. पन हुतं, ते सांगितलं."

तात्या तिथंच उभे होते. भांडणात त्यांनी हे कितीदा ऐकलं असेल! पण भांडणात माणूस आपली पुढची ओळ जुळवत असतो, समोरच्याची ऐकत नसतो. आज जुळवायला ओळ नव्हती. नाम घेताघेता त्यांना आठवलं, गोरखच्या दारावरून ते खरंच दोनदा गेले होते. दुसऱ्या वेळी दार उघडं होतं, चहाचा वास आला होता. 'आधी त्यानं हाक मारावी,' असं मनात म्हणून ते पुढं गेले होते. एवढंच. बाकीचं सगळं भांडण त्या एवढ्यावर रचलेलं.

एवढ्यात रस्त्याकडून "तात्या! ओ तात्या!" अशी हाक आली. अंगद धावत येत होता. सदऱ्याला रोपांचा चिखल, केस ओले. "देवळात गेलो तर वीनाच न्हाई! मला वाटलं, चोरी झाली का काय! बनुआत्या म्हनती, रानात गेली. आंघोळ करून पळतच आलो!"

दोनला दहा मिनिटं होती. तात्यांनी दोन वाजू दिले. मग बांधावरच, तुळशीच्या पुढं, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. अंगद तात्यांच्या पाया पडला, तात्या अंगदच्या. नाम एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं आणि तात्यांचं तोंड मोकळं झालं.

सगळ्यांना वाटलं, आता सुरू होणार.

तात्या गोरखसमोर गेले. "नळ्या माझ्याच ट्रॉलीनं चेपल्या," ते म्हणाले. "तुझ्या दारावरनं दोनदा गेलो. चुकलं माझं." मग मॅडमकडं वळून म्हणाले, "हे लिवा, बाई."

"मी सांगितलं ना, ते ह्यात येत नाही."

"तरी लिवा. माझा जबाब हाय ना?"

मॅडमनी लिहिलं. दीड ओळ.

 गोरखनं उपरण्यानं तोंड पुसलं, मग नुसतंच नाक. "बारा फूट मिळनार न्हाई," तो म्हणाला. "सरकार बारा म्हनतं, मला म्हाईत हाय. पन माझ्या कांद्याचे वाफे जात्यात."

"मला बारा नकोच. ट्रॉली सहाची हाय."

"आठ देतो."

"वळनावर आठात बसत न्हाई. परत तुझ्या नळ्या जातील."

पुष्पावती मधे पडली. "नऊ करा आन् मोकळे व्हा. बाईंना मीटिंगला जायचंय."

मॅडमनी टेप काढली. एक टोक अर्जदारानं धरलं, एक सामनेवाल्यानं. बांधाच्या मध्यापासून नऊ फूट, तोंडापासून तात्यांच्या हद्दीपर्यंत. तीन ठिकाणी मापलं, तीन ठिकाणी चुन्याची खूण. वळणावर गोरखनं आपणहून टेप अर्धा फूट पुढं सरकवली. तात्यांनी ते बघितलं. पंच म्हणून कोण, असं मॅडमनी विचारलं तेव्हा सविता पुढं झाली.

"बायांच्या सह्या चालत्यात व्हय?"

"का नाही चालणार? पूर्ण नाव लिहा."

सवितानं टाळ काखेत धरून पूर्ण नाव लिहिलं, मोनिकानंही. मॅडमनी पंचनामा वाचून दाखवला: समक्ष पाहणीत जुनी गाडीवाट दिसून आली, चारीवर नळा आहे, सामनेवाले यांनी जुनी वहिवाट मान्य केली, अडथळा पाहणीवेळी सामनेवाले यांनी स्वतः दूर केला, नऊ फूट रुंदीस उभयतांची संमती.

"वीनेसाठी दूर केला, ते?" गोरखनं विचारलं.

मॅडमनी कागद उलटून दाखवला. तेही होतं.

गोरखनं सही केली. दिंडी तात्यांच्या रानातून, ओढ्याकाठच्या पायवाटेनं गावात परतली. आल्या वाटेनं गेली नाही. तिकडून ट्रॉली काय, मोकळा बैलही नीट जात नाही. दिंडीतल्या दोघांचे पाय चिखलात रुतले. संध्याकाळी सप्त्याच्या कमिटीत थोडी कुजबुज झाली. वीणा मंडपाबाहेर गेली, हे बरोबर का चूक? तात्यांनी स्वतःच सांगितलं की बरोबर का चूक ते त्यांना ठरवता येत नाही, आणि पुढच्या वर्षीपासून ते पहारा घेतील, पण कमिटीत बसणार नाहीत.  रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी दृष्टांत दुसराच दिला, वीणेचं नावही काढलं नाही.

कागदाचं काम कागदाच्या चालीनं झालं. तहसीलदारांचा आदेश जानेवारीच्या शेवटी निघाला. त्याच्याविरुद्ध वर प्रांताकडं जायची गोरखला मुदत होती, आणि ते दिवस तात्यांना जड गेले. बांधावर झालेलं बोलणं आणि घरी गेल्यावरचं बोलणं ह्यात फरक पडतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. गोरखच्या घरातून कानावर येत होतंच: 'वीना आनली म्हनून फसलास.' मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी गोरखला पिशवी घेऊन सोनईच्या जीपमध्ये बसताना बघितलं आणि जेवण गेलं नाही.

"जाऊन विचारा की," पुष्पावती म्हणाली.

"काय विचारू? कोर्टात चाललास का म्हनून?"

"नुसतं दारात जावा. ह्या वेळेला आत."

ते संध्याकाळी गेले. गोरख ओट्यावर बसला होता, मांडीवर कागद. त्यानं मान वर केली.

"ये. चष्मा आनलास का?"

"न्हाई."

"मग मी वाचतो. माझा उतारा काडून आनलाय, सोनईवरनं. बघावं म्हनलं, माझ्या रानाच्या कागदावर तुझं काय लिवलंय." त्यानं कागद लांब धरला. इतर हक्काच्या रकान्यातलं वाचू लागला, अडखळत, एकेक शब्द सुटा करून: गट नंबर एकशे बाराकडे जाण्या-येण्यासाठी पूर्व बांधालगत नऊ फूट रुंदीचा वहिवाटीचा रस्ता. खाली फेरफाराचा नंबर.

तात्या ओट्याच्या कडेवर टेकले. "फिरून वाच," ते म्हणाले.

गोरखनं फिरून वाचलं. आतून त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला. तिचं तोंड फुगलेलं होतं, पण चहा दोन कपांत होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टोळी आली आणि चौथ्या दिवशी पहिली ट्रॉली भरली. ड्रायव्हर नवा होता, बीडकडचा. गोरख कांदा काढायला रानात होताच. ट्रॉली बांधाला लागताना दिसली तसा तो खुरपं टाकून उठला आणि तिच्यापुढं उलटा चालू लागला, दोन्ही हात हलवत: "ये... ये... डावीकडं दाब... अरे दाब म्हनतो ना! हां. सरळ." मागं तात्या, उसाच्या वाढ्यांतून वाट काढत. चाकं नऊ फुटांच्या आत राहताहेत का, एवढंच दोघं बघत होते. वळणावर मागचं चाक चुन्याच्या खुणेला घासून गेलं, पण आतूनच गेलं.